दोन गाड्या आणि एक रूळ

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १२० मीटर लांबीच्या आगगाडीशी माझे वैर फार जुने आहे. सातवीत असताना ती मला प्रथम भेटली. त्यानंतर शिष्यवृत्ती, नोकरीची परीक्षा, बढतीची परीक्षा अशा प्रत्येक ठिकाणी तिने मला गाठले. नोकरीच्या परीक्षेत मी तिला कसाबसा चुकवून निसटलो. बढतीच्या परीक्षेत मात्र तिने तीनदा उडवले. म्हणून चाळिशी उलटून गेली तरी मी आपला काउंटरवर. वीस वर्षांत एकाही ग्राहकाने खिडकीशी येऊन 'समोरून १८० मीटरची गाडी येत असल्यास' असे विचारलेले नाही, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.

कारण ही गाडी एकटी कधी येत नाही. समोरून तिची मैत्रीण येत असतेच. तिची लांबी १८० मीटर, वेग ताशी ४८. दोघी एकमेकींना किती सेकंदांत ओलांडतील, एवढाच प्रश्न. कोठून निघाल्या, कोठे निघाल्या, आत कोणी बसले आहे का, काही सांगायचे नाही. यांना सिग्नल लागत नाही, चढ लागत नाही, कोणी साखळी ओढत नाही. १२० मीटर म्हणजे हल्लीच्या चोवीस मीटरच्या डब्याने, इंजिन धरून, पाचएक डबे झाले. पाच डब्यांची गाडी दिवाळीच्या तोंडावर नागपूरला सोडून दाखवा म्हणावे. माणसे इंजिनाच्या नाकावर बसतील.

उत्तर मात्र मला झोपेतही येते. दहा सेकंद. लांबींची बेरीज ३००, वेगांची बेरीज १०८, तिला पाच अठरांशाने गुणले की सेकंदाला ३० मीटर, भागाकार १०. विरुद्ध दिशा असेल तर वेगांची बेरीज, एकच दिशा असेल तर वजाबाकी. मास्तरांनी हे फळ्यावर लिहिले, चौकट काढली आणि खडू ठेवला. पाच अठरांश कोठून आला हे त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. देवळात बीजमंत्राचा अर्थ विचारायचा नसतो. पुढे कधीतरी एक किलोमीटरचे हजार मीटर आणि एका तासाचे छत्तीसशे सेकंद मी एकमेकांखाली मांडून पाहिले आणि हा अवतारी अपूर्णांक डोळ्यांसमोर प्रकटला, तोवर दोन मुलांचा बाप झालो होतो.

त्यातून मी कॉमर्सचा. आमच्या शास्त्रात नावे आणि जमा या विरुद्ध दिशा. विरुद्ध दिशेच्या रकमा एकमेकींतून वजा होतात, एका बाजूच्या रकमांची बेरीज होते. दहा हजार जमा, चार हजार नावे, शिल्लक सहा. रेल्वेचे शास्त्र नेमके उलटे! विरुद्ध असाल तर मिळवा, बरोबर असाल तर वजा करा. बी. कॉम. होताना जे हाडीमासी खिळले होते ते त्या गाडीने दर परीक्षेला मुळापासून उखडले. हा हिशेब ज्याने प्रथम मांडला त्याच्या हातात मी माझी खातेवही कधी देणार नाही.

गंमत अशी की सापेक्ष वेग नावाची वस्तू मी लहानपणी हातात धरून पाहिली होती. मी मूलचा. त्या वेळी गोंदिया ते चांदाफोर्ट हा मार्ग छोट्या रुळांचा होता. तो रुंद झाला नव्वदच्या दशकात. स्टेशनातून छोटी गाडी निघाली की आम्ही पोरे बाजूने धावत असू. एकदा खिडकीत मामा होते. त्यांनी मला पेरू दिला, मी धावता धावता चावा घेतला, कच्चा निघाला म्हणून परत दिला, त्यांनी दुसरा काढून दिला. इतका वेळ ती गाडी आणि मी एकमेकांच्या दृष्टीने जागच्या जागी होतो. गाडीचा वेग वजा माझा वेग, बाकी शून्य, शिवाय एक पेरू. पण सातवीत फळ्यावर 'वजाबाकी' हा शब्द उमटला तेव्हा मला मामाही आठवले नाहीत आणि पेरूही आठवला नाही. शाळेचे हे एक सामर्थ्य आहे. जे आपल्याला आधीच कळलेले असते ते ती आपल्यापासून बेमालूम लपवू शकते.

असो. एवढ्यावर मी लेखणी उचलली नसती. उचलली ती एका पोरासाठी.

काही वर्षांपूर्वी माझी बदली आलापल्लीच्या पलीकडच्या एका शाखेत झाली. गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ ला हा चंद्रपुरातून वेगळा निघाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि हे लिहीपर्यंत त्यात आगगाडीचे स्टेशन एकच. ते म्हणजे वडसा, उर्फ देसाईगंज, तेही वरच्या कडेला. सिरोंचाच्या माणसाला आगगाडी पाहायची हौस आलीच तर त्याला प्राणहिता ओलांडून तेलंगणातले मंचेरियाल जवळ पडते. वडसा ते गडचिरोली या पन्नासएक किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम चालू आहे. तो किती वेगाने पुढे सरकतो हे मी पाच अठरांशाने काढून पाहिले. अपूर्णांक फार बारीक येतो.

तर आमच्या शाखेचे शिपाईमामा एक दिवस कॅश मिळवून झाल्यावर टेबलाशी येऊन उभे राहिले.

"साहेब, तुमी बँकेची परीक्षा पास झाले. पोराले जरा गनित सांगा न जी."

बढतीच्या परीक्षेबद्दल ते बोलले नाहीत. सज्जन माणूस.

पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. आलापल्लीच्या सागासारखा सरळ. पहाटे उठून सोळाशे मीटर धावायचा, दिवसा शेतावर, रात्री अभ्यास. भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित असते, आणि अंकगणित आले की ती मेली गाडी आलीच. त्याने एका क्लासने छापलेली सराव प्रश्नपत्रिका सोडवून आणली होती. पाहतो तर पहिल्याच पानावर माझी वैरीण! १२० मीटर, ६०. १८० मीटर, ४८. पर्याय चार : १०, १२, १५, १८. पोराने १८ वर खूण केली होती. मी लाल शाईने फुली मारली. दुसऱ्याच्या उत्तरावर फुली मारण्याचे सुख मला त्या दिवशी प्रथमच मिळत होते.

पोरगा फुलीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, अठराच येते जी."

"कसे येते?"

"एक गाडी उभी असते न."

"उभी कशाला असेल? दोन्ही धावताहेत. प्रश्न वाच नीट."

"रूळ एकच हाय न सर. दोन्ही धावल्या तर..." आणि त्याने दोन मुठी एकमेकींवर आपटल्या.

पोरगा जन्मात एकदाच आगगाडीत बसला होता. वडशाहून गोंदियाला, मावसभावाच्या लग्नाला. मधल्या एका स्टेशनात गाडी बराच वेळ खोळंबली. डब्यातले लोक म्हणाले, क्रॉसिंग हाय. मग समोरून दुसरी गाडी धडधडत निघून गेली आणि यांची सुटली. आगगाड्या एकमेकींना कशा ओलांडतात हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते आणि प्रश्नपत्रिकेत प्रामाणिकपणे तेच लिहिले होते. हळू गाडी बाजूच्या रुळावर उभी, जलद गाडी साठाने जाते, म्हणजे सेकंदाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश मीटर, ३०० मीटर पार करायला १८ सेकंद. मी कागदावर पडताळून पाहिले. अठरा! दोहोंपैकी कोणती उभी करायची याचाही त्याने विचार केला होता. "हळूवालीलेच बाजूले घेतेत जी."

बँकेत अशी वेळ आली की आम्ही 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणतो. तिथे ती सोय नव्हती.

आता प्रश्नपत्रिका काढणाऱ्या विद्वानांना माझा सरळ सवाल आहे. चूक कोणाची? दोन स्टेशनांच्या दरम्यान एका रुळावर एका वेळी एकच गाडी, हा रेल्वेचा जुना नियम. काही एकेरी मार्गांवर तर स्टेशनमास्तर यंत्रातून एक धातूचा गोळा काढून इंजिनवाल्याच्या हाती देई. तो मिळाल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि एक गोळा बाहेर असताना पलीकडच्या स्टेशनातल्या यंत्रातून दुसरा निघायचाच नाही. म्हणजे रेल्वेने तुमचे गणित घडू नये म्हणून यंत्र बसवले होते! एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्यांचेही तेच. मागून मेल येत असली की मालगाडीला बाजूला घेतात आणि उभी करतात. तिचा वेग शून्य. ज्या वजाबाकीपायी माझी बढती गेली, ती वजाबाकी रेल्वे शून्याशी करते.

दुहेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या धावता धावता ओलांडतात, हे मला कबूल आहे. नागपूर-बल्लारशा मार्गावर दिल्ली-मद्रासच्या गाड्या रोज तेच करतात. (चेन्नई म्हणायचे हे मला ठाऊक आहे. पण वैराच्या काळातली नावे तोंडातून जात नाहीत.) मग तसे लिहा ना! 'दोन समांतर रुळांवरून' हे तीन शब्द आहेत. काही सज्जन पुस्तके लिहितातही. आमच्या गोंदिया-बल्लारशा मार्गाच्या दुपदरीकरणाला २०२५ साली केंद्राची मंजुरी मिळाली आहे. तो दुसरा रूळ पडेल त्या दिवशी या पोराचे उत्तर चूक ठरेल. तोवर ते बरोबर आहे, आणि त्याचा एक गुण कोणाकडे तरी येणे आहे. एक गुण म्हणजे काय हे भरतीच्या यादीखाली उभे राहून पाहावे. तिथे एका गुणावर एका अख्ख्या घराचे पोट लटकलेले असते.

हे सगळे मी शाखेत तावातावाने बोलत होतो, तेव्हा आमचे नवे फील्ड ऑफिसर, तरुण, पुण्याकडचे, शांतपणे म्हणाले, "म्हणजे काय, या मुलांना बैलगाडीचीच गणिते घालायची का? जगाच्या मागेच ठेवायचे त्यांना?"

मी गप्प झालो. खोटे कशाला सांगू, घाव वर्मी बसला. 'ह्यांना हे झेपायचे नाही, ह्यांना सोपे द्या' असे म्हणून आमच्या भागातल्या पोरांवर आजवर जेवढा अन्याय झाला, तेवढा अवघड प्रश्नांनी झालेला नाही. मी नकळत त्याच रांगेत जाऊन उभा राहिलो होतो की काय? रात्री कूस बदलत राहिलो. दोन्ही कुशींचा सापेक्ष वेग वाढत गेला, झोप मात्र समोरून येईना.

उत्तर सुचले ते आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या एका गृहस्थामुळे. भास्कराचार्यांची लीलावती साधारण ११५० सालची. तीत एक गणित आहे. नऊ हात उंच खांब, त्यावर मोर. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतो आहे. मोराने पाहिले आणि तिरपी झेप टाकली. दोघांची चाल सारखी. तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? म्हणजे बघा, दोन दिशांनी येणाऱ्या दोघांच्या गाठीचेच गणित. आगगाडी नव्हती म्हणून आचार्यांचे काही अडले नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते पोराला घातले. त्याने लगेच हरकत घेतली. "सर, साप सरळ नाही जात न जी."

"धर की सरळ जातो."

"अन् त्यानं मोराले पायलं तर वापस फिरते."

"नाही पाहिले त्याने."

"मंग ठीक हाय." मग पोराने मातीत काडीने आकृती काढली. त्याचा काका गवंडी. भिंत काटकोनात आहे का हे तीन, चार, पाच फुटांनी तपासतात, ते त्याने पाहिले होते. तीन, चार, पाच म्हणजे नऊ, बारा, पंधरा. खांब नऊ. सत्तावीसमधून बारा गेले, सापाची चाल पंधरा, मोराची झेपही पंधरा. "बारा जी." माझ्या पदवीच्या कागदाकडे त्या दिवशी मी घरी गेल्यावर पाहिले नाही.

फील्ड ऑफिसरांना द्यायचे उत्तर हे होते. बैलगाडीचे घाला, आगगाडीचे घाला, चांद्रयानाचे घाला. फक्त पोराला भांडू द्या. रूळ किती, साप सरळ जातो का, हे विचारू द्या, आणि विचारल्यावर फुली मारू नका. माझा स्वतःचा मुलगा चंद्रपुरात रेल्वे फाटकाजवळ वाढला. रोज कोळशाच्या गाड्या पाहतो. त्याला मी तेच गणित घातले. चार सेकंदांत म्हणाला, "दहा." मी विचारले, "रूळ किती होते?" तो म्हणाला, "ते कशाला लागते? ट्रिक आहे बाबा." हा पोरगा पास होणार, यात मला शंका नाही. मला झोप लागत नाही ती त्याच्यामुळे.

आणखी एक गोष्ट मला बरेच दिवस टोचते. या गणितांत खांब, झाड आणि माणूस यांची लांबी शून्य धरायची असते. 'गाडी रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला किती वेळात ओलांडेल?' माणूस शून्य! आता आमच्या चंद्रपुरात वाघीण या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक ताडोबातली आणि दुसरी कोळशाची. मालगाडीच्या डब्याला जुनी मराठी वाघीणच म्हणते, आणि एकेका गाडीला अशा पन्नास-साठ वाघिणी असतात. हा विनोद मी वर्षानुवर्षे पाहुण्यांना ऐकवत असे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीजवळच्या जंगलात खऱ्या वाघिणीचे तीन बछडे याच चांदाफोर्ट-गोंदिया मार्गावर गाडीखाली सापडले. त्यानंतर मी तो ऐकवत नाही. त्या गाडीचा वेग, बछड्यांचा वेग, सगळे कोणीतरी काढता येईल. लांबी शून्य धरायची.

पोराचे गणित शेवटी मैदानावर सुटले. एका पहाटे मी घड्याळ घेऊन गेलो. तो सोळाशे मीटर धावला. पाच मिनिटे वीस सेकंद. म्हणजे ३२० सेकंद. मी भागाकार केला आणि डोळे चोळले. सेकंदाला बरोबर पाच मीटर. तासाला? अठरा किलोमीटर! पाच आणि अठरा! जो मंत्र मी तीस वर्षे न समजता जपला, तो हे पोरगे रोज पहाटे अनवाणी पायांनी धावत होते. त्याला सांगितले तर त्याला त्यात विशेष काही वाटले नाही. मला वाटले.

मग मी म्हटले, आपणच दोन गाड्या होऊ. मैदानावर रूळ नाही, त्यामुळे कोणी बाजूला थांबायला नको. आमच्यात १२० मीटर अंतर ठेवले, जुन्या वैरिणीचा मान म्हणून. मी सेकंदाला एक मीटर चालतो असे ठरले (डॉक्टरांनी याहून जास्त सांगितले आहे). तो समोरून धावत आला, वीस सेकंदांत गाठ. मग मी पुढे चालू लागलो आणि तो १२० मीटर मागून निघाला. तीस सेकंद लागले. पाच अधिक एक, पाच उणे एक. तो धापा टाकत थांबला, हिशेब जुळला म्हणून हसला, आणि माझ्या पोटाकडे पाहून अगदी गंभीरपणे म्हणाला, "सर, तुमची लांबी शून्य नाही धरता येत जी."

लेखी परीक्षा त्याने गोंदियाला दिली. तो परत आला त्या दिवशी मी कॅश अर्धवट टाकून बाहेर गेलो.

"काय रे, गाडीचे आले होते का?"

"आलं होतं जी. समांतर रूळ लिवलं होतं."

"मग? सुटली का गाडी?"

"पेपरातली सुटली जी," पोरगा म्हणाला. "अन् गोंदियाची बी सुटली. मी फलाटावरच रायलो. रात्रभर तिथंच होतो, सकाळच्यानं आलो."